मिस्टर हार्टलींचा डावा पाय

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. सकाळी ११.१०

अन्याय याच वेळी झाला. नोंद असावी.

निवृत्त झाले तरी परदेशी गिऱ्हाइकांची इंग्रजी पत्रं लिहायला मी मंगळवारी आणि गुरुवारी कारखान्यात जाते. आज माझ्या टेबलावर प्रिंटर ठेवलेला. अनेकांत, म्हणजे आमचा मालक, ज्याच्या बारशाला मी जेवले, तो म्हणाला, "मॅडम, पत्रव्यवहार आता बाहेर दिलाय. मनिलाला. हल्ली आमच्यासारख्या बारक्या कंपन्यापण देतात. फोनसुद्धा तिकडंच." म्हटलं, पंपाच्या बॉड्या आपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतायच्या आणि चौकशीला उत्तर फिलिपिन्समधून? म्हणाला, "व्हय की."

चहा दिला. अर्धा कप.

राग आलेला नाही. चालत घरी आले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

कारखान्याचा दिवस. घरीच. योजना तयार आहे.

यॉर्कशरचे मिस्टर हार्टली. आमचं जुनं गिऱ्हाईक. माझी पद्धत अशी की पत्रात आधी खुशाली, मग धंदा. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर तो पहिला परिच्छेद लाल शाईनं खोडायच्या. मी तो कधी सोडला नाही. घरी आलेल्याला पाणी न विचारता कामाचं बोलतो का आपण? बाकीचे गोरे त्याला उत्तर देत नाहीत. हार्टली देतात. ओल्या पायरीवरून घसरले तेव्हापासून त्यांचा एक पाय धड नाही. मी राधानगरीच्या मालिशवाल्याचं तेल पाठवलं. रोज रात्री लावतो, असं त्यांनी कळवलं.

आता त्यांना पायाची चौकशी नसलेलं पत्र जाईल. ते अनेकांतला फोन करतील. अनेकांत माझ्या दारात येईल. बेल दोनदा वाजवू देणार.

सोमवार, १० नोव्हेंबर

कारखान्याची साप्ताहिक सुट्टी. तरी तपासणीसाठी फोन लावला. कुणीतरी उचलला. "गुड मॉर्निंग, धिस इज ग्रेस." सोमवारी! माझ्या अख्ख्या नोकरीत सोमवारी तो फोन कुणी उचललेला नाही. तसं तिला सांगितलं. तिनं माफी मागितली. व्याकरण तपासलं. चूक सापडली नाही. उच्चारांवर बोट ठेवलं, तर म्हणाली, मीही नन्सच्याच शाळेत होते, मॅम.

फोन ठेवला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तपासणी रोज चालू. आज अर्धा तास लागला. ग्रेस माझ्या मोतीबिंदूची विचारपूस करते. ही त्यांची गिऱ्हाईक बांधून ठेवायची युक्ती. मी फसत नाही. ऑपरेशनचं सविस्तर सांगितलं.

स्वयंपाकाच्या झुंबरबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "बाई, त्या पोरीसंगं रोज एवढं भांडताय, जेवलीस का म्हणून इचारलं न्हाय की एकदाबी."

मी म्हटलं, हे ऑफिसचं काम आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

हार्टलींचा फोन नाही. सभ्य माणूस. दुखावला तरी थांबणार.

संध्याकाळी रंकाळ्यावर अनेकांत दिसला. सहज विचारलं. म्हणाला, "हार्टलींची ऑर्डर आली की. आधीपेक्षा मोठी." आणखी काही म्हणाले का, विचारलं. "काय म्हणणार, मॅडम? मेल आला."

म्हणजे आतल्या आत सोसताहेत.

गुरुवार, २० नोव्हेंबर. दुपारी

हार्टलींसाठी मन मोठं केलं. ग्रेसला सांगितलं, पुढच्या पत्रात खुशालीचा परिच्छेद घाल, पायाचं विचार. ती म्हणाली, "येस मॅम. डावा."

डावा हे मी तिला सांगितलं नव्हतं.

सिस्टर आम्हाला विचारायच्या त्या आवाजात विचारलं. मग ती हळू बोलली. खरे हार्टली कधीच निवृत्त झाले. त्यांच्या कंपनीनं पत्रव्यवहार आमच्या आधीच मनिलाला दिला, ग्रेसच्याच ऑफिसात. नाव तेवढं सहीला ठेवलं. रात्रपाळीला ती सही ग्रेस करायची. माझी सगळी पत्रं तिनं वाचली, उत्तरं तिनं लिहिली. आता हार्टलींचं काम शेजारच्या टेबलावर गेलंय आणि तिच्याकडे आमचं आलंय. म्हणजे कोल्हापूरचं पत्र तिच्या टेबलावरून निघतं आणि पलीकडच्या टेबलावर पोचतं.

पायाचं काय, विचारलं. म्हणाली, ठरलेल्या मजकुरात त्याला उत्तर नव्हतं. पण तुम्ही दर पत्रात तब्येत विचारायचात. मग मी आईचा पाय लिहिला.

तेल तिनं पाहिलेलंही नाही.

दूध तापत ठेवलं होतं. उतू गेलं. मी तिथंच उभी होते.

शनिवार, २२ नोव्हेंबर

जेवले. कोथिंबीर निवडली. तपासणी केली नाही.

झुंबरबाई म्हणाल्या, "आज फोन न्हाय व्हय?" त्यांनी भाजीत मीठ कमी घातलं, की मला लागलं नाही, कळत नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर. सकाळी ११.१०

लेखी तक्रार करायचं ठरवलं. कारखान्याच्या तक्रारी घेण्याचं कामही मनिलाकडेच, म्हणून फोनवर सांगून लिहून घ्यायला लावली. ग्रेस टाइप करत होती. बटणांचा आवाज येत होता. एकदा माझं वाक्य अडखळलं. तिनं ते न बोलता सरळ केलं असावं.

मराठीत नक्कल:

"कुमारी ग्रेस हिस. तुझी आई बरी असेल अशी आशा आहे. तू जेवली असशीलच. एका मयत नव्हे पण निवृत्त इसमाच्या नावानं तू मला अनेक वर्षं उत्तरं दिलीस, हे गैर आहे. तुझ्या इंग्रजीबद्दल तक्रार नाही. मी पाठवलेलं तेल यॉर्कशरमध्ये कुणाच्या कपाटात पडलं आहे याची चौकशी व्हावी. ते मिळेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, म्हणून दुसरी बाटली मागवली आहे. तुझ्या घरचा पत्ता, आणि डावा पाय सध्या कसा आहे, हे तुझ्या स्वतःच्या सहीनं, शुक्रवार २८ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावं. फोनवरचं उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही."