निरोप झाला तरी आम्ही तिथंच

आई, आम्ही गाव सोडलं. एकदाचं सोडलं असं म्हणवत नाही, कारण निरोप दोनदा झाला, आणि त्यातला खरा कुठला हे इथं फलटणला येऊन अर्धा पावसाळा सरला तरी मला उलगडलेलं नाही. तुला सांगायला हवं, कारण त्या सगळ्यात मी तुझं नाव घेतलं. तुला न विचारता घेतलं.

बाबांची बदली आधीही निघाली होती. दर वेळी मंडळीतले पंच एस.टी. धरून मिशनच्या वरच्या साहेबांकडे जायचे आणि 'आमचे पाळक आमाला ऱ्हाऊ द्या' म्हणून ती रद्द करून आणायचे. तू गेल्यावर तर जास्तच. धाकटी तेव्हा रांगत होती. तिला मंडळीतल्या बायकांनीच वाढवलं, एका घरी दूध, दुसऱ्या घरी अंघोळ. मी चौथीत होतो. या वेळी मात्र बाबाच पंचांना म्हणाले, "नको. आता जाऊ द्या." का, ते मला अजून माहीत नाही. कदाचित माझ्यामुळं. मी सांगलीचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला टाकून घरी येऊन बसलो होतो. सरांनी भर वर्गात माझ्या बोलण्याची नक्कल केली, म्हणून वही आपटून बाहेर पडलो, असं सगळ्यांना सांगत होतो. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून दर शनिवारी मी गावाकडची एस.टी. पकडत होतो, आणि ती काही बाबांसाठी नव्हे. थोरल्या पंचांची मुलगी तुला आठवत असेल. तुझ्या मांडीवर बसून गीतं शिकायची, नाक गळत असायचं. आता ती देवळात पेटी वाजवते, आणि मी, जो मागच्या बाकावरून कधी हललो नव्हतो, पहिल्या बाकावर बसायला लागलो. बाबांना वाटलं, पोरगा भक्तीला लागला.

निरोपाची उपासना मे महिन्यात झाली. बाबांना शाल दिली, नाव घातलेलं स्टीलचं पातेलं दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं. मुलींनी गीत म्हटलं, निम्म्यातच त्या रडायला लागल्या, नुसती पेटी वाजत राहिली. आणि मी उभा राहिलो. कुणी उठवलं नव्हतं. "मी जाणार नाही," म्हणालो. "माझी आई या मातीत आहे. तिला इथं एकटीला टाकून मी कुठंही जाणार नाही." देवळात हुंदका फुटला, आई. झाडलोट करणाऱ्या आजींनी तोंडात पदर कोंबला. थोरले पंच सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगं हितंच ऱ्हाईल. आमच्या घरात. आमचाच ल्योक हाय."  ज्या घरात शिरायला मी किती दिवस निमित्त शोधत होतो, त्या घराचं दार पंचांनी स्वतःच उघडून दिलं होतं. मी पेटीकडं बघितलं. ती भाता बंद करत होती, खाली मान घालून. बाबांनी मात्र माझ्याकडं बघितलं, नुसतंच बघितलं. मग मटणाचं जेवण झालं, गळ्यात गळे पडले, आणि सगळे डोळे पुसत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ट्रक यायचा होता. ट्रकऐवजी तार आली. फलटणचे पाळक टायफॉइडनं पडलेत, घर रिकामं नाही, कळवू तेव्हा निघा. सामान सगळं बांधलेलं. चहाला भांडं नाही म्हणून बाबांनी मंडळीनं दिलेलं नवं पातेलं सोडलं आणि त्यातच चहा ठेवला. घड्याळ गोधडीत गुंडाळलेलं होतं, ते गाठोड्यातूनच ठोके द्यायचं आणि धाकटी दचकायची. त्याच सकाळी आजी केरसुणी घेऊन आल्या नि दारातच थबकल्या.

"आवं पाळकसाहेब, अजून हायसाच व्हय?"

"आहे की, आजी. देवाला घाई नाही."

"आन आमी काल एवढं रडलो, त्ये?"

बाबा हसले. पण ते दिवस विचित्रच गेले. रस्त्यात लोक 'सलाम' करायचे आणि पुढं काय बोलावं ते त्यांना सुचायचं नाही. पुढच्या रविवारी बाबा झगा न घालता, साधं धोतर नेसून शेवटच्या बाकावर, चपलांपाशी जाऊन बसले. आता मी पाळक नाही म्हणाले. पंचांनी शास्त्र वाचलं. शेवटी आशीर्वादासाठी सगळे माना खाली घालून उभे राहिले आणि तसेच राहिले, कारण आशीर्वाद कुणी द्यायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बऱ्याच वेळानं मागून बाबांचा आवाज आला. सगळी मंडळी पाठमोरी उभी राहून आशीर्वाद घेत होती.

त्याच दिवशी पंचांनी ठरवलं, पोरगं आईसाठी राहतंय तर पाळकीणबाईंची कबर रंगवून द्यायची, नवा क्रूस उभा करायचा. चुन्याची बादली घेऊन सगळे कबरस्थानात आले. "म्होरं हो, दाखव रं," पंच म्हणाले. मी पुढं झालो. आई, मी तिथं किती वर्षांनी गेलो ते मला सांगता येत नाही. तुझा लाकडी क्रूस वाळवीनं खाल्लेला, दुष्काळाच्या साली रस्त्याच्या कामाला लोकांनी दगड उचलून नेलेले, सगळीकडं सारखेच उंचवटे. पण एवढ्या लोकांपुढं चाचरायचं कसं? मी एका कबरीपाशी जाऊन उभा राहिलो. "ही."

"आरं लेकरा, ती माझी सासू हाय!" आजी ओरडल्या. "जित्तेपणी तिनं मला सोडली न्हाई, आन आता तू तिला आई करतूस व्हय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.  बाबा पुढं आले, सरळ लिंबाच्या झाडाखाली गेले आणि म्हणाले, "ही." मला सुटल्यासारखं वाटलं. पण थोरले पंच पुटपुटले, "न्हाई साहेब. मीच खणली हुती. लिंब तवा नव्हता. त्यांची ती, बांधाकडची."  "मी तर रोज सकाळी इथंच येतो," बाबा म्हणाले. पंचांनाही मग खात्री वाटेना. धाकटीनं माझी बाही ओढली. "दादा, मग मी कुठल्यापाशी रडायचं?" तिला तर तुझं तोंडही आठवत नाही, आई.  शेवटी तिनंच, म्हणजे पंचांच्या मुलीनं, बादली उचलली. "दोन्ही रंगवू. दोघी बी आपल्याच हायत न्हवं?" दोन्ही कबरी पांढऱ्या झाल्या. माझ्या बेलबॉटमचे पायही.

हात धुवायला नळावर गेलो तर ती तिथं होती. "खरं सांग," म्हणाली, "आईसाठी ऱ्हातूयस?"

"व्हय."

"आन कबर ठावं न्हाई?"

मी भडकलो. तुला काय करायचंय, म्हणालो, तुला काय कळतंय, म्हणालो, आणखी बरंच. ती शांतपणे पाय चोळत राहिली. मग म्हणाली, "मी जूनला मिरजेला नर्सिंगला चाललीया. तीन वर्सं. तू आन माझा बा, दोघं बसा भाकरी थापत."  ती घागर उचलून निघाली आणि जाता जाता म्हणाली, "समद्या मंडळीला उठून सांगितलंस. मलाच तेवढं इचारलं न्हाईस."

तेव्हा मला तुझी अंड्यावरची कोंबडी आठवली. हंगामाच्या सणाला लोक जोंधळा, अंडी, कोंबड्या देवापुढं आणून ठेवत होते, आणि मी भारावून घरी पळत जाऊन तुझी कोंबडी उचलून आणली. उपासनेनंतरच्या लिलावात ती गेली. चुलीपुढं बसून तू मला मारलं नाहीस. तव्यावरची भाकरी उलटत म्हणालीस, "दिलीस ती दिलीस, आता ती देवाची. पण पुढच्या वेळी तुझं स्वतःचं असेल ते दे." तुझा चेहरा मला आता पुसट दिसतो, पण ते वाक्य तुझ्याच आवाजात ऐकू येतं. मंडळीपुढं मी माझं काय दिलं होतं? तुझी कबर. तीही कुठली ते ठाऊक नसताना.

ट्रक आला तो बाजाराच्या दिवशी. निम्मं गाव बाजाराला, निम्मं रानात. ना गीत ना हार. आजी होत्या, पंच होते. मी सामान चढवलं आणि मग मीही चढलो. "काय रं, तू बी?" पंच म्हणाले. त्यांना वाईट वाटलं की बरं वाटलं, कळलं नाही. मला स्वतःचंही कळत नाही. तिच्यावर रागावून निघालो, की तुझी लाज वाटून, की ती मिरजेला जाणार म्हणजे गावात राहायला काही उरलंच नव्हतं म्हणून?  बाबांनी केबिनमध्ये सरकून जागा दिली आणि घड्याळाचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

हे पत्र पाठवायचं म्हटलं तरी तुझे पत्ते दोन आहेत. पत्र बाबांच्या बायबलमध्येही ठेवणार नाही; ते वाचतील. एवढं मात्र सांगतो. निघायच्या आधी मी कबरस्थानात जाऊन आलो, एकटाच. लिंबाखाली थांबलो, मग बांधाकडं थांबलो. बांधाकडं जास्त वेळ थांबलो. पंचांवर विश्वास बसला म्हणून नव्हे. तिथून त्यांच्या घराचं दार दिसतं, आणि ती दारात उभी होती. तू तिथं असशील तर तुला तेव्हाच कळलं असेल. लिंबाखाली असशील, तर आता कळलं.