पाच वर्षं न विचारलेली गोष्ट

प्रिय दादा,

आज तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले आणि मी लिहायला बसले. तुझ्या प्रयोगशाळेतल्या मॅडम सकाळी नेरला येऊन जे सांगून गेल्या, तेच अजून डोक्यात घुमतंय. तू काहून नाही सांगितलंस रे?

बेचाळीस हे काय जायचं वय आहे? सोमवारी कामाच्या टेबलापाशीच कोसळलास. सकाळपासून छातीत दुखत होतं आणि तू सगळ्यांना "गॅस झाला" म्हणत होतास! एवढा मोठा इंजिनिअर, एवढंही कळू नये?

आपली आई, आपली याडी, विचारायची, "कायची नळी बनवतो रे? पाण्याची?"

"नाई याडी, हिच्यात हवा बी नसते. एकीकडून बारीक लहर सोडली का दुसरीकडून लय मोठी होऊन निघते."

"रिकाम्या नळीत जिंदगी घालून राह्यला पोरगा!"

किती हसायचो आपण!

मग तिला कॅन्सर झाला. नागपूरच्या दवाखान्यातलं किरणांचा शेक द्यायचं मशीन बंद पडलं, भाग परदेशातून यायचा होता. मी तिला एसटीनं न्यायचे, तशीच परत आणायचे. ती गेली आणि तिसऱ्याच दिवशी तू कामावर निघालास. "तुले आईपेक्षा नळी मोठी!" मी सगळ्यांसमोर ओरडले. तू पिशवी उचलून चालू लागलास. पुढं पाच वर्षं मी तुझ्याशी धड बोलले नाही.

आज मॅडम म्हणाल्या, "त्या मशीनमध्ये बिघडली होती ती अशीच नळी. आई गेल्यावर त्यांनी रडारच्या नळ्या सोडून या मशीनच्या नळीचं काम मागून घेतलं. कधी आत हवा शिरायची, कधी जोड तडकायचा. जायच्या दोन दिवस आधी, शनिवारी, नळी पहिल्यांदा पूर्ण ताकदीनं दिवसभर चालली."

शनिवारी? अरे, रविवारी तुझा फोन आला होता! "एक गोष्ट सांगायची व्हती," म्हणालास. "पोरांचे पेपर तपासून राह्यली, मंग बोल," म्हणून मी ठेवून दिला. हेच सांगणार होतास ना?

मॅडमपुढं रडूही आलं नाही.

चाचण्या अजून बाकी आहेत, मग ती नळी दवाखान्यात जाईल. दादा, शब्द देते. तिच्यावर पहिला पेशंट शेक घेईल, त्या दिवशी मी बाहेर त्याच्या घरच्यांजवळ बसलेली असेन. तुझं नाव त्यांना मीच सांगेन.

तुझी धाकटी,
सुनीता