शेपटी माझी, तुरा ह्यांचा

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. परवा केस विंचरताना एकदम शाळेच्या मागच्या पायऱ्या आठवल्या. मी खालच्या पायरीवर, तू वरच्या, माझी वेणी घालतेयस, आणि हस्तकलेच्या सिस्टर खिडकीतून विचारतायत की रिबिनी इस्त्री केल्या होत्या की नाही. तेवढ्यात भिंतीवरून काहीतरी निळं भुर्रकन गेलं. तू वेणीवरची नजर न काढता म्हणालीस, खंड्या. मी म्हटलं, मला दिसलाच नाही. तर म्हणालीस, मी पाहिला ना, तुझ्याही वाटचा. आणि मी वर्गात जाऊन सगळ्यांना पाहिल्याचं सांगितलंसुद्धा. तेव्हा किती सोपं होतं गं. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? (गेला नसेल तर कळवू नकोस. ह्यांना लगेच घशात खवखवतं.)

इकडे आम्ही दोघं बरे आहोत, फक्त एकमेकांशी बोलत नाही. कारण एक पक्षी. हसू नकोस. हे छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून आम्ही रविवारी पक्षी बघणाऱ्या मंडळींबरोबर जातो हे तुला ठाऊक आहेच. जन्मभर मुद्रितं तपासलेला माणूस, तो पक्षीही तसेच तपासतो. जरा शंका आली की पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. (हे पत्रही पाकिटात जाण्याआधी भिंगाखालून जाणार आहे, तेव्हा शुद्धलेखनाचं श्रेय मला देऊ नकोस.) आमच्या मंडळाचे प्रमुख जकातखात्यातले निवृत्त अधिकारी. पाठीमागे आम्ही त्यांना पंच म्हणतो. त्यांचा नियम असा की पक्षी दिसला की पुस्तक उघडायच्या आधी त्याच्या तीन खुणा मोठ्याने सांगायच्या. नाही सांगता आल्या, तर पक्षी मोजायचा नाही. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतला नवरदेवसुद्धा त्यांनी तीन खुणा पटल्याशिवाय ओळखला नसता.

ह्यांना हवा आहे तो एकच, स्वर्गीय नर्तक. (नावात स्वर्गीय असलं तरी चांगला धडधाकट असतो.) नराचं डोकं काळंभोर, त्यावर तुरा, आणि मागे पांढऱ्या फितीसारखी लांबलचक शेपटी. मंडळात सगळ्यांनी पाहिलाय. पंचांच्या सूनबाईंना तर कपडे वाळत घालताना दिसला, आणि त्यांना पक्ष्यांची आवडही नाही. आम्हालाच तेवढा हुलकावणी देतो. आणि आता जरा घाई आहे, ताई. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांतला मधला भाग धूसर होत चाललाय. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढून दाखवलं, कडा राहतील, मधलं हळूहळू पुसत जाईल. पुढच्या वर्षी किती उरेल ते त्यांनाही सांगता आलं नाही. म्हणजे आता ह्यांनी एखाद्या गोष्टीकडे रोखून पाहिलं की ती नाहीशी होते, आणि दुर्लक्ष केलं की दिसते. (लग्नानंतर पहिली काही वर्षं माझ्याकडे असंच बघायचे, तेव्हा डोळे उत्तम होते.) मला ह्या प्रकाराचं फार कुतूहल वाटतं. मीही चहा ओतताना कपाकडे न बघता बशीच्या पलीकडे बघून पाहते. मग ओटा पुसते.

तर मागच्या रविवारी जुन्या पंपघरामागे, जिथे पाणी झिरपून डबकं साचतं, तिथे आम्ही सगळे दबा धरून बसलो होतो. पंच थर्मासच्या झाकणाशी झटत होते, मी वाकून बुटाची नाडी बांधत होते आणि हे नेहमीप्रमाणे भलतीकडे बघत होते. तेवढ्यात काहीतरी गेलं. हे म्हणाले, काळं डोकं, तुरा. मी नाडी सोडून वर बघते तो झाडात शिरणारी पांढरी फीत. बाकीच्यांना काय दिसलं, तर आम्ही दोघं ह्या वयात एकमेकांना मिठी मारताना. पंचांनी आम्हाला वेगवेगळं उभं करून जबाब घेतले. ह्यांना शेपटी दिसली नव्हती, मला डोकं. मी म्हटलं, अहो, पुढचा भाग ह्यांनी पाहिला, मागचा मी, इतक्या वर्षांचा संसार आहे, दोघांचा मिळून एक पक्षी होत नाही का?

"दोन होतात ना, वहिनी," पंच म्हणाले. "एक बुलबुल आणि एक प्लॅस्टिकची पिशवी."

सगळे हसले. हेही हसले, आणि मला तेच लागलं. म्हणून घरी आल्यावर मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं की आता नीट आठवतंय, तुराही ओझरता दिसला होता मला, मी साक्ष देते. ह्यांनी चष्मा काढून पुसला. (त्याचा आता फारसा उपयोग नाही, पण हातांना सवय आहे.)

"तुला नाही दिसला," हे म्हणाले. "कीव करून दिलेला पक्षी मला नको."

तेव्हापासून अबोला. म्हणजे मीठ दे, कडी लाव, एवढं चालू आहे.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच त्या झाडाशी गेले. कुंपणाला लागून एका शिवणबाईंचं दुकान आहे. त्यांचं स्टूल मागून घेतलं आणि वर चढून फांद्यांत बघायला लागले. काय हरवलंय म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शेपटी. त्यांनी मशीन थांबवलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि फार समजुतीने विचारलं, काकू, घरी कोणाला फोन करू का? मग सगळं सांगितलं, तर त्याच शिडी घेऊन आल्या. म्हणाल्या, दिवसभर खाली बघून टाके घालते, ह्या झाडावर काय काय असतं ते कधी पाहिलंच नाही. एक तांबट सारखा टुक टुक करत होता, तो आम्हा दोघींपैकी एकीलाही शेवटपर्यंत दिसला नाही. नुसता आवाज मोजायचा की नाही, हेही कोणीतरी ठरवायला हवं. बाकी झाडात सांगण्यासारखं काही सापडलं नाही.

पत्र फार लांबलं. गुडघ्याला जप. भाऊजींना सांग, आठवण काढते.

तुझी,
धाकटी

ता. क. भिंगाची तपासणी झाली. (दोन अनुस्वार निघाले.) हे मी पोस्टाच्या बाकावर बसून लिहितेय. झाडात सापडलं होतं, ताई. शिवणबाईंच्या अस्तराची पांढरी पट्टी फांदीला अडकून वाऱ्यावर अशी डुलत होती की क्षणभर मी पुन्हा फसले. माझी शेपटी गेली. ह्यांना सांगितलेलं नाही, कारण मग त्यांना स्वतःच्या तुऱ्याचीही शंका येईल, आणि तो अजून कोणी खोटा ठरवलेला नाही.

आणखी एक ता. क. खरं पत्र इथून सुरू होतं. मोरीचा नळ किती गळतो हे दाखवायला तू फोनवर फोटो पाठवलास ना, त्यात मागच्या दोरीवर काय बसलंय ते पाहिलंस? तू लिहिलंयस, "शेपटीवालं काहीतरी रोज सकाळी येतं, मी हाकलते." ताई, हाकलू नकोस. नळही दुरुस्त करू नकोस, त्या पाण्यालाच तो येतो. शुक्रवारी आम्ही तुझ्या गुडघ्याची विचारपूस करायला येतोय. ह्यांना अवाक्षर कळता कामा नये. (फोनवर सांगितलं असतं, पण ह्यांचे कान शाबूत आहेत.) कोणाला काय द्यायचं ते नीट वाच. आमची जड दुर्बीण भाऊजींना, आणि त्यांना पुढच्या गॅलरीत कबुतरं बघायला बसव, म्हणजे तोंडून काही निसटायला नको. वर्तमानपत्र तुला, तोंडासमोर धरायला. स्वयंपाकघरातली हातांची खुर्ची ह्यांना, मागच्या खिडकीशी जराशी तिरकी ठेव, म्हणजे दोरी डोळ्याच्या कडेला येईल. मला ह्यांच्यासमोरचं स्टूल, खिडकीकडे पाठ करून. मला तो दिसता कामा नये, म्हणजे तिन्ही खुणा ह्यांनाच मला सांगाव्या लागतील. आणि आला, तर पक्षी ह्यांना.