आपल्या पेटीचा मुका धैवत

ती. बाबांना नमस्कार,

मी मजेत आहे आणि वेळेवर जेवते. इथल्या संगीतशाळेतला भिंतीएवढा ऑर्गन वाजला की बसायचं बाकसुद्धा थरथरतं. त्याच्यासाठी केलेली माझी रचना कार्यक्रमात घेतली आहे, पण ती कशावरून सुचली हे पत्रिकेत लिहून द्यायचंय. वर्गातल्या एकाने कारखान्याचा भोंगा लिहिलाय, एकीने भिंतीच्या भेगा.

मला सुचली ती आपल्या पेटीच्या धैवतावरून. ती पट्टी वाजायची नाही, म्हणून शिकवताना तुम्ही तिथे थांबायचात आणि आई स्वयंपाकघरातून तो सूर लावायची. रचनेतही मी ती जागा रिकामी ठेवलीय. आमच्या बाई म्हणाल्या, "एवढा थोरला ऑर्गन, आणि नेमका हाच सूर रुसलाय होय?"

आईला न विचारता तिची जागा घेतली, हे मनाला टोचतंय. तिला विचाराल? बोलायला लावू नका, नुसती मान हलवली तरी चालेल.

तिच्या घशाचा रिपोर्ट आला का? तुम्ही पेटी दुरुस्तीला देणार असं लिहिलंत, रिपोर्टचं काहीच नाही.

बाबा, पेटी एवढ्यात देऊ नका. तो सूर आईलाच लावू द्या.

तुमची,
धाकटी