तीन तळ्यांची फेरी

प्रिय छोट्या,

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला छोट्या म्हणू नये, असं तुझ्या बायकोचं मत आहे. तू मोठा झालास की सोडून देईन. तळ्यांवरून परत आल्यापासून तुझे निरोपावर निरोप येताहेत. गुडघे कसे आहेत, पायाला फोड आले का, राग गेला का. गुडघे ठणठणीत आहेत. फोड तुला आले होते. रागाचं म्हणशील, तर तोंडावर बोलायला लागले की 'आई, ही सभा नाहीये' म्हणून तू मला गप्प करतोस. पत्राला तसं गप्प करता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी तुझ्या त्या तयारीबद्दल. माझ्या ओट्यावर वजनकाटा मांडून तू माझा साबण तोललास, टॉवेल तोललास, टूथब्रशची दांडी कापलीस. दांडी! आणि ते दोन-चार ग्रॅम वाचल्यावर तुझ्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो तुझ्या लग्नातही मी पाहिला नव्हता. माझं पुस्तक मात्र बाहेर काढून ठेवलंस. 'आई, तळ्याकाठी कोण वाचतं?' आणि तुझ्या पाठीवर काय होतं? घडीची खुर्ची, कॉफी गाळायचं यंत्र, बॅटरी, आणि त्या बॅटरीला उन्हातून वीज पाजणारा फळा. हजारो वर्षं माणसं एक घोंगडी आणि शिदोरी घेऊन डोंगर ओलांडत आली. त्यातल्या एकाच्याही मनगटावर 'शाब्बास, तुम्ही चाललात' असं म्हणणारं घड्याळ नव्हतं. तुम्हा लोकांना जंगलातसुद्धा कुणीतरी पाठ थोपटायला लागतं.

दोन रात्री, तीन तळी, आणि निघालो तिथेच परत. एवढ्याशा फेरीसाठी तू महिनाभर नकाशा धुंडाळत होतास. पहिल्या तळ्यावर तू पाण्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढलेस. दलदलीवर टाकलेल्या फळ्यांवरून जाताना मला 'आई, माझ्या पावलावर पाऊल ठेव' म्हणालास आणि दुसऱ्याच क्षणी मांडीपर्यंत चिखलात गेलास. मी पाऊल ठेवलं नाही, हे माझं नशीब. तुझ्या त्या दोन महागड्या काठ्या काढायला मला झाडाची फांदी लागली. तळं तेवढं चांगलं होतं. पानं कुजून चहासारखं झालेलं पाणी, उन्हाने तापलेला सपाट खडक, आणि एक पक्षी बुडी मारून भलतीकडेच वर येत होता. तो कुठे निघेल याचा अंदाज मी बांधत बसले होते, तर तू येऊन मला त्याचं शास्त्रीय नाव सांगितलंस.

आता दुसऱ्या तळ्याचं. निघण्याआधी नकाशावर बोट ठेवून तू म्हणाला होतास, 'इथून मागे फिरलं काय नि पुढे गेलं काय, अंतर तेवढंच.' मला वाटलं, पोरगा भूगोल सांगतोय. तिथे पोचल्यावर तू पाणी गाळायला बसलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, 'आई, बाबांबद्दल जरा बोलायचं होतं.' तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तुमच्या कंपनीत माणसाला काढायचं ठरलं की त्याला आधी बाहेर जेवायला नेतात, म्हणजे चारचौघांत तो आरडाओरडा करत नाही. हे तूच मला हसत सांगितलं होतंस. भर सभेतून उठून जाणारी तुझी आई! तिला कुठून उठून जाता येणार नाही, ती जागा तू महिनाभर नकाशावर शोधत होतास! घरी टेबलाशी बसून एक वाक्य बोलायची छाती नाही, म्हणून तुला तीन तळी आणि एक डोंगर लागला. अरे, भित्रेपणालाही काही काटकसर असावी!

आणि वाक्य तरी कसलं? 'वृद्धाश्रम' म्हणायला जीभ अडली, म्हणून 'केअर सेंटर'. बागेकडे तोंड करून खोली. दुपारी 'ॲक्टिव्हिटी'. तुझ्या बाबांनी जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. उलटी अक्षरं ते तुझ्या सुलट्या वाचनापेक्षा झरझर वाचायचे. त्यांना तिथे कुणीतरी दुपारी रंगीत मणी ओवायला देणार! ते रोज तेच जुनं वर्तमानपत्र वाचतात आणि रोज त्याच चुकीवर लाल पेन्सिल ओढतात, याची तुला लाज वाटते. त्या वर्तमानपत्राच्या संपादकाला ती चूक एकदाही दिसली नाही, या माणसाला रोज दिसते. कोणाला कुठे ठेवायला हवं ते तूच ठरव. त्या तळ्याकाठी मी तुला जे जे बोलले, बापाची खाट रिकामी करायला निघालेला भाडेकरू म्हणाले, त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

मग दुसऱ्या दिवशी आपण मुकाट्याने तिसरं तळं पार केलं. तू पुढे, मी मागे. माझ्या गप्प राहण्याला तू राग समजलास. समज. पण घरी पोचले तेव्हा दोन रात्री बाबांजवळ राहिलेल्या सुनेचे डोळे सुजलेले होते. तू गाडीतून सॅका काढत होतास, तेवढ्यात तिने मला आत नेऊन विचारलं, 'आई, हे रोज असतं?' मी हो म्हटलं आणि तुला सांगायचं नाही अशी तिला शपथ घातली. ती शपथ मीच आता मोडते. बाबा रोज पहाटे उठून कपडे घालतात आणि छापखान्यात जायला निघतात. छापखाना बंद पडला, हे त्यांना रोज नव्याने सांगावं लागतं, आणि रोज ते नव्याने पायरीवर बसून रडतात. म्हणून मी दाराला आडवी खाट टाकून निजते. निजते म्हणजे काय, कानाने जागीच असते. गेली दोन वर्षं.

आणि त्या दुसऱ्या तळ्यावर, तुला एवढं बोलून झाल्यावर, मी झोपले. उन्हं तंबूवर आली तरी मला जाग नव्हती. डोळे उघडले तेव्हा आधी कळेचना की इतकं हलकं का वाटतंय. कळलं, तेव्हा तुझा जेवढा तिरस्कार आला होता, त्याहून जास्त मला माझा आला. तू भित्रा आहेस, नाटकी आहेस, पण आई थकली आहे, हे तुला दिसलं होतं. ते कबूल करायला मला आठवडा लागला, एवढ्यासाठी हे पत्र. बाबा कुठेही जाणार नाहीत, असं मी आजही म्हणते. पण एकटीच्या जोरावर म्हणत नाही. शनिवारी ये. एकटा ये. मी माझं पुस्तक घेऊन दुसऱ्या तळ्यावर जाईन. दाराची खाट तुझी. पहाटे बाबा उठतील, तेव्हा छापखान्याचं काय झालं ते त्यांना तू सांग, मग त्यांच्याशेजारी पायरीवर बस. सोमवारी मी परत आल्यावर मला विचार, त्यांना पाठवायचं का. तेव्हा तू जे म्हणशील, ते मी ऐकेन.

तुझीच, अजून न निवळलेली,
आई