रिकामा आलेला डबा

भिवंडी,
रविवार, १२ नोव्हेंबर १९७८

प्रिय मैना,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र चुलीत घालू नकोस. आधी वाच, मग घाल. आई बरी आहे, तुझी आठवण काढते. दुपारची वेळ, शेजारच्या लूमची खटखट ऐकत खाटेवर पडलोय. या आवाजात डोळा लागतो आणि खारबावची तुमची पडवी दिसते. तू तांदूळ निवडत असतेस, वर बघतच नाहीस.

तू विचारायचीस, मुंबईला त्या कॉम्प्युटरपाशी दिवसभर करतोस काय? सांगतो. प्रोग्रॅममध्ये काही छोटी फंक्शनं असतात, म्हणजे एकेक काम करून उत्तर परत देणारे तुकडे. त्यांना नावसुद्धा नसतं. लागतील तिथेच लिहून माणूस मोकळा होतो. त्यांतून परत काय येणार, आकडा की अक्षरं, तेही तो सांगत नाही. आतला मजकूर वाचून मशीननं ओळखायचं. ते मशीनला शिकवणं हे माझं काम. गेल्या महिन्यात माझी फजिती झाली. एका फंक्शनात दोन वाटा होत्या, अट जुळली तर एक, नाही तर दुसरी. माझ्या प्रोग्रॅमनं पहिलीच बघितली आणि 'आकडा' म्हणून ठोकून दिलं. दुसऱ्या वाटेनं अक्षरं आली, सगळं काम बंद पडलं. साहेब म्हणाले, "सगळ्या वाटा बघितल्याशिवाय बोलायचं नाही."

आणि परवा वज्रेश्वरीच्या एसटीत तुझी ठकुबाई आत्या भेटली.

तीन वर्षांपूर्वी मी आईचे अनारसे डब्यात घेऊन तुमच्याकडे आलो होतो ना? आई म्हणाली होती, "लग्नाची मागणी लगेच तोंडानं घालू नको. डब्यात परत काय येतं, त्यावरून त्यांचं मन कळेल." आपल्याकडे कुणाचा डबा कुणी रिकामा धाडत नाही. आठवड्यानं तो कंडक्टरच्या हाती आला, धुऊनपुसून, रिकामा. मी समजलो, नकार. पुन्हा तुमच्याकडे फिरकलो नाही.

आत्या म्हणाली, "आरं, त्याच आठवड्यात वळ गावचा काका गेला, घरात सुतक व्हतं. सुतकाच्या घरातनं खायाचं कसं धाडायचं? डबा लोकांचा, म्हणून लावून दिला. पोरगी तुजी वाट बघत व्हती."

मैना, राग आला तो माझाच. एवढा शिकलो, आणि एकदा येऊन विचारलं नाही. खारबाव काय लांब आहे? तू मला तेव्हाही हवी होतीस, आजही हवी आहेस. आत्या म्हणते, तू अजून लग्नाला तयार होत नाहीस. त्यावरून मी काही धरून चालणार नाही.

येत्या रविवारी तुझ्या बाबांना भेटायला येऊ का? नाही म्हणायचं असेल तर तेही तूच लिही. गप्प मात्र राहू नकोस.

तू सांगेपर्यंत काहीही न ठरवणारा,
केसरीनाथ