ह्यांना दोन गाल, मला नमस्कार

२ नोव्हें. ९६, शनि.
शेवटी गेलो नाचाच्या क्लासला. चर्चमागचा हॉल, सात जोडपी, एक टेपरेकॉर्डर. नाताळच्या कार्यक्रमात जोडीजोडीनं वॉल्ट्झ करायचा म्हणे. हौस ह्यांची. वर्कशॉपात फोरमन, पण पायात ताल आहे, मान्य. शिकवणाऱ्या डोरिनबाई मूळच्या गोव्याच्या, पन्नाशीच्या. दारातच प्रत्येकाच्या गालाला गाल लावून हवेत 'मच्' करतात. त्यांचं तोंड जवळ आलं नि मी घाबरून हात जोडले, "जय ख्रिस्त!" त्या थबकल्या, त्यांनीही हात जोडले. मागून हे आले. ह्यांनी गाल दिला. दिला म्हणजे, वाकून दिला.

वाटेत विचारलं. "अगं, ते त्यांचं गुड ईव्हनिंग असतं."

९ नोव्हें., शनि.
दुपारी तीनला दुसऱ्यांदा दाढी! रविवारी उपासनेला जाताना आरशापुढे ढकलावं लागतं. आणि तंबाखूची डबी कपाटावर. बावीस वर्षं घसा कोरडा केला मी, वास येतो, सोडा म्हणून. माझ्यासाठी नाही सुटली, आता शनिवारपुरती सुटते.
सगळ्यांना एक गाल, ह्यांना दोन. मोजले मी. मला लांबून नमस्कार.

१६ नोव्हें., शनि.
स्टेप दाखवायला बाईंनी ह्यांनाच घेतलं. मी बाकावर. शेजारची म्हणते, "सुधाकरराव काय सुंदर नाचतात हो!" हो ना, म्हटलं. हसून हसून गाल दुखले. त्या गालाचा तेवढाच उपयोग.

१८ नोव्हें., सोम.
शाळेत चौथीच्या अख्ख्या वर्गाला उगाच उभं केलं. जळते आहे मी. लिहून टाकलं, आता बरं वाटेल.
नाही वाटलं.
संध्याकाळी धाकटी नणंद रूथ आली काष्टीहून, पेरू घेऊन. चुलीशी बसून सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली.
"वहिनी, दादाला मिळतंय म्हनून जळती, का तुला मिळत न्हाई म्हनून? खरं सांग."
"काहीतरीच तुझं."
"मग भाकर का करपली?"

२३ नोव्हें., शनि.
आरशापुढे तालीम करून गेले. हॉलच्या दारात हात खाली ठेवले, गाल पुढे. पण आधी कुठला, ते कुठं ठाऊक! चष्म्यावर चष्मा आपटला. बाई खो खो हसल्या, मग नीट लावला गाल. मऊ, पावडरीचा वास. एवढंच होतं ते.
"तुम्हाला चालतं? मिस्टर तर पहिल्याच दिवशी मला बोलले, माझ्या बायकोला हे आवडत नाही, तिला हात जोडत जा."
म्हणजे तो नमस्कार ह्यांनी लावून दिलेला.

२४ नोव्हें., रवि.
उपासनेहून आल्यावर विचारलंच. "मला आवडत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"
हे शर्टाची बटणं काढत होते. "तूच. लग्नाच्या फोटोला फोटोवाला म्हणाला, जवळ सरका. तू म्हणालीस, नको, लोक बघतात. तेव्हापासून मी आपला चारचौघांत लांबच."
बावीस वर्षं लक्षात ठेवलं! मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, घाबरलेली. हे सांगायचं राहून गेलं, कारण मी आधी भांडले.

७ डिसें., शनि.
आज बाई म्हणाल्या, सुरुवात करण्यापूर्वी प्रत्येकानं आपल्या जोडीदाराला तसंच भेटायचं. सहा जोड्यांनी लाजत, खिदळत गाल लावले. हे माझ्यासमोर आले. मी मान जराशी तिरकीही केली होती. ह्यांनी हात जोडले, "जय ख्रिस्त." सगळा हॉल हसला. मीही हात जोडले, काय करणार.
निघताना बाईंना मात्र दोन्ही गाल. त्यात काही चुकतच नाही ह्यांचं. घरी येईपर्यंत मी चार पावलं पुढेच चालले. रागानं रडू येत होतं.

१३ डिसें., शुक्र.
सकाळी हे कामावर निघाले. दारात मी आडवी उभी राहिले आणि गाल पुढे केला. चांगला धरून ठेवला. हे बघतच राहिले. मग काळजीनं म्हणाले, "दाढ दुखतेय का?"
हो म्हटलं आणि आत आले.
संध्याकाळी लवंगेचं तेल घेऊन आले. बाटली माझ्या हातात दिली, तोंड धुतलं, चहा प्यायले. उद्याच्या क्लासचं एक अक्षर नाही.
आत्ता स्वयंपाकघरातून दिसलं. तंबाखूची डबी कपाटावर आहे. आज शुक्रवार असून. कुणासाठी चढवली, ते अजून विचारलेलं नाही.